तळाचा डावा कोपरा

सातव्या खोक्यात नेझानं मनगटापर्यंत हात घातला, तेलकट कागद बोटांनी बाजूला सारला आणि तळाच्या डाव्या कोपऱ्यातली स्प्रिंग उचलली. उचलताना तिच्या टोकाचा आकडा तळव्याला टोचला. तिनं ती भिंगाखाली धरली. आकड्याच्या वळणावर केसाएवढी रेघ होती. नखानं खरवडली तरी गेली नाही. मग तिनं स्प्रिंग यंत्राला अडकवून ठरल्या मापापर्यंत ताणली, आणि रेघ उघडली. नख आत जाईल इतकी.

"काय गं?" दारातून ब्लाझनं विचारलं. तो माल घेऊन आला होता, आणि माल तपासून होईपर्यंत कॉफीचा कप घेऊन दारात उभं राहायची त्याची पद्धत होती.

"एक निघाली."

"एक तर एक. दोन चालतात."

"चालतात," नेझा म्हणाली आणि तिनं ती स्प्रिंग ट्रेमध्ये उलटी ठेवली.

शितावरून भाताची परीक्षा, हेच तिचं पोटापाण्याचं काम. एकोणीस वर्षं ती ते करत होती. बाराशे स्प्रिंगांचा माल आला की त्यातल्या ऐंशी काढायच्या, तपासायच्या. दोन वाईट निघाल्या तर सगळा माल आत. तिसरी निघाली की सगळा माल परत. उरलेल्या अकराशेवीस सोन्याच्या असल्या तरी. बाराशेच्या बाराशे तपासायला कुणाला वेळ आहे? कारखान्याला नाही, नेझाला नाही, आणि देवाला असला तरी त्याची नेमणूक या शेडमध्ये नव्हती.

कारखाना सोरा नदीच्या काठावर. तिथं गवत कापायची यंत्रं बनत. मैदानातली नव्हेत, डोंगराच्या उतारावर, जिथं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, तिथं माणूस दोन्ही हातांनी धरून चालवतो ती. त्याच्या मुठीखाली एक दांडा असतो. पाय घसरला, मूठ सुटली, की दांडा वर येतो आणि एक स्प्रिंग पातं थांबवते. ती स्प्रिंग म्हणजे ही. तिचा आकडा ऐनवेळी तुटला तर पातं फिरत राहतं, आणि पात्याला गवत कुठलं नि पाय कुठला हे कळत नाही. नेझाचा बाप चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. कुणाचं ऐकत नव्हता आणि अजून दर जूनमध्ये घरामागचा उतार स्वतः कापत होता.

आठव्या खोक्यात काही निघालं नाही. नवव्यात, तळाच्या डाव्या कोपऱ्यात, पुन्हा एक. पुन्हा आकडा हाताला टोचला.

"दोन," ती म्हणाली.

ब्लाझनं कप दुसऱ्या हातात घेतला.

तळाचा डावा कोपरा ही मास्तरांची शिकवण. सिरिल मास्तर या शेडचे तीस वर्षं प्रमुख होते. नेझा आणि ब्लाझ एकाच साली त्यांच्या हाताखाली लागले. दोघांनाही मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक उघडं खोकं दाखवलं होतं. "वरचा थर पाहुण्यांसाठी मांडलेला असतो, पोरांनो. घर बघायचं असेल तर तळ बघा. खोकं भरणारा उजव्या हातानं भरतो, त्याचा पहिला तुकडा डाव्या कोपऱ्यात जातो. जे लपवायचं असतं ते माणूस आधी गाडतो." तेव्हापासून शेडचा कायदा ठरला: एक वरून, दोन मधून, बाकीच्या तळातून, आणि डावा कोपरा कधी सोडायचा नाही.

पुस्तकातला कायदा निराळा होता. भिंतीवरच्या खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली होती. तिच्यात आकडे कोरलेल्या लाकडी चकत्या होत्या. चकती काढायची, तिच्यावर ज्या खोक्याचा, थराचा नि जागेचा नंबर येईल तो तुकडा उचलायचा. म्हणजे हाताला सवय लागत नाही आणि समोरच्याला हाताचा अंदाज येत नाही. पिशवीवर इतकी धूळ होती की तिचा मूळ रंग कुणी पैजेवरही सांगू शकलं नसतं. तपासणीच्या कागदावर मात्र एक छापील ओळ होती, 'नमुना कोणतीही निवड न करता काढला आहे', आणि तिच्यापुढे तीस वर्षं सगळे बिनदिक्कत खूण करत आले होते. तसं खोटं वाटायचंही नाही. मास्तरांचा नियम पुस्तकापेक्षा कडक आहे, असंच सगळे धरून चालले होते.

अकराव्या खोक्यात हात घालण्याआधी नेझा थांबली. तिनं वरचे थर कागदासकट उचलून बाजूला ठेवले आणि दिवा खाली ओढला.

तळाच्या थरात सगळ्या स्प्रिंगा शिस्तीत निजल्या होत्या, आकडे उजवीकडे. फक्त डाव्या कोपऱ्यातल्या एकीचा आकडा डावीकडे होता.

ती बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं ट्रेकडे पाहिलं. ट्रेमध्ये चांगल्या स्प्रिंगा सुलट्या आणि दोन वाईट उलट्या ठेवलेल्या होत्या. वाईट तुकडा उलटा ठेवायचा, म्हणजे लांबूनही मोजता येतो. हीसुद्धा मास्तरांचीच शिकवण. या खोऱ्यात दुसऱ्या कुठल्या कारखान्यात तसं करत नाहीत.

आणि सिरिल मास्तर निवृत्त झाल्यापासून ब्लाझच्या शेडमध्ये खोकी भरत होते. ब्लाझ त्यांचा जावई. त्यानं नोकरी सोडून घरामागं स्प्रिंगांचं स्वतःचं काम काढलं, तेव्हा मास्तरांनीच त्याला पहिलं यंत्र बसवून दिलं होतं.

नेझानं ती स्प्रिंग उचलली. भिंगाचीही गरज नव्हती. तरी तिनं भिंगाखाली धरली, ताणली, आणि ट्रेमध्ये बाकीच्या दोघींशेजारी उलटी ठेवली. एका चिठोऱ्यावर त्या तीन खोक्यांचे नंबर मांडले, चिठोऱ्याची घडी केली आणि ती एप्रनच्या खिशात टाकली.

"तीन," ती म्हणाली.

ब्लाझनं मान हलवली. कप खिडकीत ठेवला. "बरं," इतकंच म्हणाला.

हे 'बरं' म्हणजे काय, ते नेझाला चांगलं माहीत होतं. हिवाळ्यात त्याचा माल दोनदा परत गेला होता. एकदा माप चुकलं, एकदा गंज. पाचातली तिसरी खेप परत गेली की पुरवठादाराचं नाव यादीतून वर्षभरासाठी कटतं. वर्षभर हा कारखाना नाही म्हणजे ब्लाझकडे दुसरं होतंच काय? चार माणसं, बायको येर्नेया, आणि खोकी भरणारा सासरा. सगळ्यांनी घरी बसायचं.

तेवढ्यात बोरुत आला. तो उत्पादनाचा प्रमुख, वयानं नेझापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि चालण्यात कायम दहा मिनिटं उशिरा निघाल्यासारखा.

"नेझाबाई, झालं का? चाळीस यंत्रं उभी आहेत बाहेर, फक्त स्प्रिंगांसाठी! पुढच्या पंधरवड्यात गवताचा हंगाम. शेतकरी काय दातांनी कापणार आहेत?"

"तीन वाईट निघाल्या, साहेब."

"तीन!" बोरुतनं कपाळावर हात मारला. "अहो, बाराशेत तीन! माझ्या आईच्या चेरीच्या टोपलीत याहून जास्त किडक्या निघतात."

"बाराशेत नाही. ऐंशीत."

"तेच ते. जरा पुन्हा काढून बघा की. पुरवठादाराला फेरनमुन्याचा हक्क असतो. असतो ना, ब्लाझ? माग की लेका, तोंड शिवलंय का तुझं?"

ब्लाझ खिडकीतून बाहेर बघत होता. दहाचा भोंगा वाजला. या खोऱ्यात दहाचा भोंगा झाला की लग्नाचा विधीसुद्धा थांबेल. मधल्या वेळचं गरम जेवण म्हणजे जेवण.

"जेवून सही करते," नेझा म्हणाली.

तिनं भटारखान्यातून जवाची नि घेवड्याची दाट आमटी दोन वाडग्यांत घेतली, पावाचे दोन तुकडे घेतले आणि ती अंगणात उभ्या असलेल्या ब्लाझच्या गाडीकडे गेली. सिरिल मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. एरवी आले की आधी शेडमध्ये येत, भिंग पुसलंय का बघत, सगळ्यांना चार शब्द सुनावत. आज उतरलेच नव्हते.

"आमटीत सॉसेज नाही घातलं?" वाडगा बघून ते म्हणाले.

"बुधवार आहे, मास्तर. सॉसेज गुरुवारी."

"तीस वर्षांत यांना बुधवार सुधारता आला नाही." त्यांनी एक घास खाल्ला. "किती निघाल्या?"

"तीन."

"मग नोंदव."

नेझा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. वाडगा तिनं मांडीवर तसाच धरून ठेवला.

"उलट्या ठेवलेल्या होत्या, मास्तर."

मास्तर पावाचा तुकडा आमटीत बुडवत राहिले. "हात अजून तिथंच जातो म्हणायचा," ते म्हणाले. "चांगलं आहे. शिकवलेलं वाया गेलं नाही."

"असं करतात का? ही तपासणी झाली का? मी पिशवीतून नंबर काढले तर?"

"तर एक निघेल. दोन निघतील. माल पास होईल." ते शांतपणे बोलत होते, जसे पूर्वी फळ्यापुढं बोलत. "माझ्या अंदाजानं वीसेक आहेत सगळ्यात. या तीन स्प्रिंगा, खोकी भरताना, माझ्या हाताला लागल्या. बाकीच्या कुठं आहेत मलाही ठाऊक नाही, डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. वीस असतील तर पाचातल्या चार खेपांना तुझी चाळणी त्यांना सोडून देते. हिशेब तूच माझ्याकडं बसून केला होतास, आठवतं?"

तिला आठवत होतं. "ब्लाझला सांगायचं होतंत."

"सांगितलं. दोनदा. तार स्वस्तातली आणली त्यानं, वळवताना आकड्याला तडा जातो. पहिल्यांदा म्हणाला, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, मास्तर, गिऱ्हाईक स्वतःच दोन वाईट चालवून घेतं, तुम्ही कशाला त्याच्यापेक्षा कडक?" मास्तर किंचित हसले. "बोलणंही माझंच. पूर्वी मीच शिकवायचो, शून्य दोषांची अपेक्षा मूर्ख धरतो म्हणून."

"मग बोरुतला सांगायचं. मला सांगायचं."

"कुणाविरुद्ध? आपलेच दात, आपलेच ओठ. संध्याकाळी त्याच टेबलावर बसतो मी. येर्नेया वाढते. पोरगी एकदा बापाकडं बघते, एकदा नवऱ्याकडं." त्यांनी वाडगा पावानं पुसून संपवला, अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत. "तोंडानं जे बोलता येत नाही ते खोक्यात ठेवलं. तुझा हात पोचेल तिथं. बास."

"नाव कटेल त्याचं."

"माहीत आहे."

"तुमचंच घर आहे ते."

"म्हणून तर." मास्तरांनी रिकामा वाडगा तिच्या हातात दिला. "तुझा बाप अजून कापतो का गं तो उतार?"

"कापतो."

"हं," मास्तर म्हणाले. नंतर ती उतरत असताना, खालच्या आवाजात: "ब्लाझला कळता कामा नये. माल पडला, तर तो तपासणीत पडला. सासऱ्यानं पाडला नाही."

नेझा अंगणातून परत चालत आली. तिची आमटी गार झाली होती, ती तिनं कुंपणापाशी कुत्र्याला घातली. तिला मास्तरांचा राग आला होता आणि त्यांच्या पायाशी बसावंसंही वाटत होतं, आणि या दोन्हींचा सहीच्या कागदावर रकाना नव्हता. खरं सांगितलं, तर तीन तुकडे कुणीतरी हातानं ठेवले होते. असा नमुना बाद. पुन्हा काढावा लागणार, पिशवीतून, आणि माल पास होणार. मास्तर उघडे पडतील ते वेगळंच. गप्प राहिलं, तर त्या छापील ओळीपुढे खूण करायची. आणि आज पहिल्यांदाच ती खोटी आहे हे माहीत असून करायची.

शेडमध्ये बोरुत टेबलावर बसून पाय हलवत होता. ब्लाझ ट्रेपुढं उभा होता. तीन उलट्या स्प्रिंगांना त्यानं हात लावला नव्हता.

"हे बघा, नेझाबाई, मी विचार केला," बोरुत म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय ना चकत्या काढायच्या म्हणून? मग काढू की चकत्या! ती पिशवी काय शोभेला टांगली आहे? नव्यानं ऐंशी काढा. अर्ध्या तासाचं काम. ब्लाझनं फक्त तोंड उघडून म्हणायचं, फेरनमुना पाहिजे."

नेझानं खिशातल्या घडीवर हात ठेवला होता.

"ब्लाझ?"

"नको," ब्लाझ म्हणाला.

"काय नको?"

"फेरनमुना नको. तिनं काढला तो काढला."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का? तुझं नाव कटतंय! तुझ्या सासऱ्यानं बांधलेली ही शेड, त्यांना काय सांगणार तू?"

"ते माझं मी बघतो."

बोरुतनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. खोऱ्यातल्या माणसांना भोंगा सोडला तर दुसरं काही कळत नाही, असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला. दार त्याच्यामागं दोनदा आपटलं.

नेझानं तपासणीचा कोरा कागद घेतला. माल परत, असं लिहिलं. छापील ओळीपाशी पेन क्षणभर थांबलं. मग तिनं खूण केली, दरवेळच्यापेक्षा जरा जोरात, आणि खाली सही केली. ब्लाझनं न वाचताच आपली सही केली.

बारा खोकी ढकलगाडीवर चढवायला तिनं त्याला हात दिला. हे तिचं काम नव्हतं, पण इथं कुणी त्याची चर्चा करत नाही. ब्लाझ एकेक खोकं उचलत होता आणि नंबर बघून रचत होता. सातवं त्यानं बाजूला ठेवलं. मग नववं. मग अकरावं.

"ही तीन वर ठेवतो," तो म्हणाला. "घरी गेल्यावर ती आधी उघडीन."

नेझाचा हात खिशाकडे गेला. घडी तिथंच होती, कुणी उलगडलेली नव्हती. खोक्यांचे नंबर तिनं कुणालाही सांगितले नव्हते. ब्लाझला नाही, बोरुतला नाही, आणि दारातून ते दिसतही नव्हते. मास्तरांनी विचारले नव्हते.

तिनं ब्लाझकडे पाहिलं. तो दोरी आवळत होता.

"काल गाडीत भरायच्या आधी बघितली होती मी," तो म्हणाला. "सगळी. माझाही हात त्याच कोपऱ्यात जातो ना गं. मास्तर एकच होते आपले."

"मग सुलट्या का नाही केल्यास? काढून का नाही टाकल्यास?"

"काढली होती एक. सातव्यातली." त्यानं दोरीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "अर्धा तास हातात धरून बसलो. मग होती तशी ठेवली. मास्तर तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"त्यांना सांग हे."

"काय सांगू? की तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं, आणि मी माल तरीही घेऊन आलो?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला आणि लगेच बसला. "तू बोलू नकोस त्यांच्यापाशी. तपासणीत पडला, एवढंच राहू दे."

त्यानं ढकलगाडी उंबऱ्यावरून खाली घेतली. नेझा दारात उभी राहिली. गाडीपाशी मास्तर उतरून आले होते. दोघांनी मिळून खोकी आत चढवली. एक देत होता, एक रचत होता, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता. वर ठेवलेली तीन खोकी मास्तरांच्या हाती आली तेव्हा ते थोडे थांबले. त्यांनी नंबर वाचले. ब्लाझ दुसरीकडे बघत होता. मास्तरांनी ती तीन खोकी मागं टाकली नाहीत. पुढं, आपल्या पायापाशी ठेवली आणि सीटवर चढून बसले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. वरच्या उतारावर कुणीतरी हंगामाच्या आधीच यंत्र सुरू केलं होतं. त्याचा आवाज मधेच थांबला, नंतर पुन्हा सुरू झाला.

नेझा आत आली. दुपारच्या मालाची खोकी टेबलापाशी येऊन पडली होती, दुसऱ्याच कुणाची, साधे बोल्ट. तिनं खिळ्यावरची पिशवी काढली, दाराबाहेर नेऊन झटकली, आणि पहिली चकती काढली. चौथं खोकं, वरचा थर, उजवीकडून तिसरा.

तिनं चौथं खोकं उघडलं. हात आपोआप तळाकडे गेला. तिनं तो बाहेर काढला, एप्रनला पुसला आणि वरच्या थरातला, उजवीकडून तिसरा बोल्ट उचलला.